गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही याबद्दल

यामागाता,
ऐन ऑगस्ट, भर उन्हाळा

ती. फुमिएताईस,

धाकट्या कियोताकाचा वाकून नमस्कार. तुझ्या बागेतली सफरचंदं रंग धरू लागली असतील आणि भाऊजींची कंबर नेहमीसारखी कुरकुरत असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे. बिघडलीय ती गाडी.

मी निवृत्त झालो आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. लिटरला वीस देणारी गाडी आता जेमतेम बारा देते. (माणूस खुर्चीवरून उतरला की यंत्रंसुद्धा विचारत नाहीत.) आधी टायरमध्ये हवा भरली, मग फिल्टर बदलला, ऑइल बदललं, पंपवाल्याशी भांडून दुसरा पंप धरला. शेवटी बायकोला म्हणालो, "यासुए, अ‍ॅक्सिलरेटरवर तुझा पाय जड आहे." "बाजारापर्यंत तीन सिग्नल," ती म्हणाली, "पळवू कुठे?" मग वजन कमी करायचं म्हणून गाडीतला पसारा काढला: उशी, थर्मास, दोन कादंबऱ्या, एक पातळ पांघरूण. (गाडी म्हणजे काय माळा आहे?) आठ दिवसांत सगळं परत गाडीत! पुन्हा काढलं, पुन्हा गेलं. गॅरेजवाला ओनोदेरा तर बॉनेट आपटून म्हणाला, "साहेब, इंजिन तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. आता मला सोडा."

म्हणून गुरुवारी यासुए टोफू आणायला निघाली तशी मी मागोमाग सायकल काढली. (टोफूच्या एका वडीला तिला अख्खी दुपार लागते, हे मी सांगितलंच नाही.) सुपरमार्केटच्या मागे झाडाखाली आमची गाडी उभी. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. शेजारी तशाच आणखी चार गाड्या, प्रत्येकीत एकेक बाई; एक तर आमच्या ऑफिसातल्या मुराओकाची बायको, तोही यंदाच निवृत्त झालाय. यासुए सीट आडवी करून, त्याच उशीला टेकून, पीच खात, काचेबाहेरही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं रेडिओ लावून हसत होती. खळखळून, ताई. तोच कार्यक्रम मी घरी रोज लावतो, तेव्हा ती भांडी घासायला उठते. माझं पेट्रोल माझ्यापासून लांब बसण्यासाठी जळत होतं. फार लागलं मला ते. काचेवर टकटक करायला हात उचलला, आणि तसाच सायकल वळवून घरी आलो.

संध्याकाळी म्हणाली, "काउंटरला केवढी रांग होती!" मी म्हणालो, "गुरुवारी असतेच."

भाऊजींना कंबर जपायला सांग.

तुझा,
कियोताका

ता. क. लवकरची सफरचंदं उतरवायला माणूस मिळत नाही, असं तू म्हणाली होतीस. गुडघे सोडले तर मी कामाचा आहे. आठवडाभर येऊ का? मी पार्किंगमध्ये गेलो होतो हे यासुएला कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. "आठवडाभर ताईकडे जावं म्हणतो," एवढंच आत्ता तिच्या कानावर घातलं, तर हे पाकीट चिकटवायच्या आत माझी बॅग भरून दारात आली. तुझ्या उत्तराची वाट कशाला पाहायची, म्हणते. स्टेशनवर गाडीनं सोडणार आहे. बॅग उघडून पाहिली. या उकाड्यात वर लोकरीचे मोजे ठेवलेत.