पंपात उरलेलं पाणी

धामणगाव बढे
१४ डिसेंबर

प्रिय रेणुका,

सप्रेम जय भीम. फोनच केला असता, पण फोनवर मी नुसतं हवापाण्याचं बोलते आणि ठेवून देते. तीनदा तसंच झालं. म्हणून आज अंगणवाडीतून आल्या आल्या वहीची पानं फाडली आणि परसात वालाच्या मांडवाखाली लिहायला बसले.

इथं बसलं की वेळ कुठं जातो कळत नाही बघ. सकाळी धुकं असतं, मेथी दिसत नाही, नुसता तिचा वास येतो. झेंडू तेवढा धुक्यातूनही दिसतो. वाफ्यांच्या कडेनं सगळीकडं लावलाय, त्यानं मुळांची कीड कमी होते. दव असतं तोवर मी पानांवर राख भुरभुरते. अशा वेळी मला वाटतं, तुझी डिंपल मागून येऊन राह्यली, अनवाणी, काकूचा पदर धरायला. मी वळत नाही. वळलं की ती जाते. ओसरीतून आत्याबाई ओरडतात, वांग्याले काऊन गोंजारून राह्यली, तिकडं चुलीवर भाजी जयून राह्यली. सासूबाईंचा आवाज अजून तसाच खणखणीत आहे.

तू गेल्यापासून या परसात विषाचा एक थेंब पडलेला नाही. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून वाळवते, लागतील तशा कुटून रात्रभर भिजवते, गाळून फवारते. वांग्याच्या शेंड्यानं मान टाकली की अळीसकट खुडून टाकते. डब्याचं पिवळं झाकण तेल लावून काठीवर टांगलंय, पांढरी माशी त्यालाच चिकटते. मागच्या वर्षी वांगी होती तिथं यंदा वाल आहे, वांगी दुसऱ्या वाफ्यात. हे सगळं बचत गटातल्या पुष्पांजलीनं शिकवलं. सुरुवातीला मी काय केलं माहीत आहे? वांग्यावरचा मावा मारायच्या नादात मावा खाणाऱ्या अळ्याच चिरडत बसले. काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या, दिसायला इतक्या वंगाळ की हात थांबत नाही. पुष्पांजली म्हणाली, बाई, ही तर मित्रकीड, काळ्या ठिपक्यांच्या लाल किड्याची पिल्लं. त्या दिवशी मला घास गेला नाही. हे हसले, म्हणाले, किड्यांसाठी कोनी उपाशी राह्यते का?

तू लग्न होऊन आलीस, तेव्हा माहेरून काकडीचं बी पदराला बांधून आणलं होतंस. आपण दोघींनी मिळून आळं केलं. दोघी जावा एका वाफ्यात गुण्यागोविंदानं बसतात, याचं गल्लीला केवढं नवल होतं. डिंपल चालायला लागली ती त्या वेलाखालीच. मला लेकरू नाही, पण तू कधी ते जाणवू दिलं नाहीस. तिला माझ्या मांडीवर टाकून खुशाल कामाला जायचीस.

आणि मग मागच्या वर्षीचा पोळा. तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ, डोळे फिरलेले. बुलढाण्याला दवाखान्यात चार दिवस. काहीतरी विषारी पोटात गेलं, एवढं डॉक्टर म्हणाले. पोरगी घरी आली, आणि आत्याबाई चार बायांसमोर बोलल्या, पोरीले न धुता काकड्या चारल्या हिनं. तू मान खाली घातलीस. पंधरा दिवसांत तू आणि संघर्षभाऊजी देऊळगाव राजाला बिऱ्हाड करून गेलात, ते आजतागायत आला नाहीत. मागच्या आठवड्यात भाऊजींनी ह्यांना सांगितलं, की तू भाजी पाच-पाच पाण्यांनी धुतेस, धुताना रडतेस, आणि काकडी तर घरात येऊच देत नाहीस. आपण धुतली नसेल, असं तुलाही वाटायला लागलंय म्हणे. ते ऐकल्यापासून माझी झोप गेली.

रेणुका, पोळ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी पराटीवर कपाशीचं औषध फवारलं होतं. पंपात पाच-सहा लिटर पाणी उरलं. तू माहेरी होतीस. तुझ्या वेलावर मावा दिसत होता, आणि एवढं महागाचं औषध वाया काऊन घालवायचं, म्हणून मी पंप पाठीला लावून वेल चिंब केला. दुसऱ्या दिवशी तू आलीस. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणतं औषध वापरता? मला डब्यावरचं नाव पाठ होतं, तरी मी भिंतीकडं पाहत राहिले. आत्याबाई तुला बोलल्या तेव्हाही गप्पच. काल ह्यांना आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. आत्याबाई ताट सारून उठल्या. हे अजून बोललेले नाहीत. माफ कर असं कोणत्या तोंडानं लिहू? तू यावंस म्हणूनही हे लिहीत नाही. तुला एवढंच कळायला हवं, की ते धुऊन जाणारं औषधच नव्हतं. तू काकड्या धुतल्या होत्यास. नळाखाली, चोळून, दोनदा. मी दारात उभी होते. सांगायला तोंडही उघडलं होतं, पण धुतेच आहे तर काय होतंय, म्हणून गप्प राहिले.

तुझीच,
बेबीताई