ड्रॉन बाय, चेक्ड बाय

३ मार्च, सोमवार
ज्युनियर क्षितिजा चालली. अंधेरीच्या दीडशे माणसांच्या आर्किटेक्ट फर्ममध्ये. पगार बासष्ट हजार! मी विचारलं नव्हतं, पेढा देता देता तिनेच सांगितलं. अनुभव तीन वर्षं. माझा बारा वर्षं, पगार पंचेचाळीस. बेनेडिक्ट सरांच्या ऑफिसात आम्ही सरांसकट चौघं. ऑफिस छोटं म्हणून माझा मेंदू छोटा झाला काय? पेढा खाल्ला नाही. (नंतर खाल्ला.)
शुक्रवारपर्यंत पगारवाढ मागणार म्हणजे मागणार.

७ मार्च
मागितली नाही. सरांची दाढ दुखत होती. दाढ दुखणाऱ्या माणसाकडे पैसे मागणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

१० मार्च
त्याच अंधेरीवाल्यांकडे अर्ज टाकला. अपेक्षित पगार एक लाख दहा. उर्मिला म्हणाली, तिथे काय बघतात ते क्षितिजाला विचार. बायको आता मला करिअर शिकवणार! ज्युनियरला विचारायचे दिवस अजून आले नाहीत.

१८ मार्च
एकवीसला इंटरव्ह्यू! एवढ्या झटपट बोलावलं म्हणजे गरज त्यांना आहे. राजीनामा देऊन टाकला. उर्मिला ओरडली, आधी नोकरी हातात येऊ दे, आपल्या फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? भित्री. सर फक्त "बरं" म्हणाले. बारा वर्षांनी नुसतं "बरं"! खडूस म्हातारा.

२० मार्च
पोर्टफोलिओ तयार. चाळीस ड्रॉइंग्ज, सगळी अलीकडची. जुनी घेतली नाहीत. त्यांच्यावर 'ड्रॉन बाय'च्या, म्हणजे काढणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव आहे, ते शोभत नाही. सीनियर झाल्यावर ऑफिसात नियम मीच लावला: ड्रॉइंग कोणीही काढो, 'ड्रॉन बाय' ज्युनियरचं नाव, आपण फक्त 'चेक्ड बाय', तपासणारे. इज्जत अशी ठेवावी लागते.

२१ मार्च, संध्याकाळ
इंटरव्ह्यूला समोर तिघं. मधल्या बाईंनी पाच पानं उलटली आणि म्हणाल्या, ही ड्रॉइंग्ज आम्ही गेल्याच महिन्यात पाहिली. क्षितिजाच्या फाइलमध्ये. नावही तिचंच आहे की. मग तुम्ही काय केलंत? म्हटलं, चेक केली. त्या म्हणाल्या, बारा वर्षं?
घोडबंदरच्या बिल्डिंगचा जिना चार वेळा खोडून मी एकट्याने काढलाय हो! सांगितलं. तिघंही गोड हसले. मेली कारटी! तिचं नाव मीच घातलं होतं. तरी कारटीच.

२८ मार्च
फोन नाही. मी केला. कळवू म्हणाले.

४ एप्रिल
सरांकडे गेलो. ये म्हणाले, पण नवीन जॉइनिंग धरणार. अठ्ठावीस हजार. सीनियरची जागा त्यांनी गेविन नावाच्या नव्या पोराला दिलीय. चार वर्षांचा अनुभव, कानात बाळी. हो म्हणालो. घरी सांगितलं तर उर्मिला वही काढून हप्त्याचे आकडे मांडत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ एप्रिल
एक जिना काढला. नियमाप्रमाणे 'ड्रॉन बाय' मी, 'चेक्ड बाय' गेविन. त्याने लाल पेनने लिहिलं, एक पायरी कमी आहे.
भांडायच्या तयारीने मोजल्या. कमी होती.