मातीत मिसळतो

१७ नोव्हेंबर, सोमवार

राखीचा फोन. पुस्तकासाठी साठ लेख हवेत, पंधरा डिसेंबरच्या आत. चोवीस वर्षं दर गुरुवारी पेपरात शेतीचं सदर लिहिलं, म्हणजे बाराशेच्या वर लेख. त्यातले साठ. "हसतेखेळते निवडा ताई. आणि प्रत्येकाखाली 'आज तिथे काय' अशा दोन ओळी द्या." प्रकाशनाचं सगळं ती एकटी बघते. तिला नाही म्हणवत नाही.

दिवसभर कात्रणं काढली. हात काळे झाले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एकेचाळीस झाले. त्यात सहादूंचा मल्चिंगचा लेखही घेतला. पंधरा वर्षांपूर्वीचा. गिरणाऱ्याच्या पुढे टोमॅटो लावणारे सहादू – गावात सर्वांत आधी वाफ्यावर प्लास्टिकचा पेपर अंथरणारे. वरून चंदेरी, खालून काळा. तण नाही, पाणी निम्मं, टोमॅटो चकचकीत. फोटोत वाफ्यापाशी उकिडवे बसलेत, हसतायत.

रविवारी जाऊन येते.

२३ नोव्हेंबर, रविवार

गंगापूर रोडवरून बसने निघाले. प्लॉटिंगचे बोर्ड संपतच नाहीत, शहर कुठे थांबतं ते कळत नाही. गावाजवळच्या बाभळींवर कावळे बसलेले दिसले. जवळ गेल्यावर कळलं, काळ्या चिंध्या आहेत. वाऱ्याने अडकलेल्या.

सहादूंच्या पत्नी अंबूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. पानं नाही – मुळं. मेथी मुळांसकट उपटून जुडी बांधतात, आणि मुळांत नखाएवढे काळे तुकडे अडकलेले. एकेक चिमटीने काढायचा, मांडीवरच्या फडक्यात टाकायचा. मोबाइलवरून दहा मिनिटांत भाजी पोचवणारी एक कंपनी त्यांच्याकडून माल घेते. तिने शुक्रवारी सात क्रेट परत पाठवले. आणखी एकदा परत आले की नाव यादीतून जाणार.

"शहरातल्या बाया जुडीचा फोटो काढून पाठवत्यात म्हने," अंबूबाई म्हणाल्या. "भाजीत प्लास्टिक निघालं म्हनून. आमच्या तर रोजच निघतंय. आमी कुनाला फोटो पाठवावा?"

सहादूंनी शेत दाखवलं. मूठभर माती घेतली, फुंकली. माती उडाली, तुकडे तळहातावर राहिले. पाणी दिलं की वरच साचतं म्हणाले. मेथीचं मूळ खाली जायच्या ऐवजी आडवं फिरतं.

"दर साली टमाटं निघालं का ट्रॅक्टरनं रोटर मारला, पेपरासकट. पंधरा सालं झाली. आमचाच पेपर खराब आला असंल, ताई. तुमी सांगितला तसला पातळ नसंल."

"मी सांगितला?"

त्यांनी घरात नेलं. भिंतीवर कॅलेंडरशेजारी माझं कात्रण. लॅमिनेट केलेलं, वर दोन खिळे. "मला वाचता येत नाय. पन फोटो माझा हाय, आन् त्याच्या खालचं समदं पाठ हाय." आणि म्हणून दाखवलं. सबंध लेख, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभं राहावं तसं. शेवटचं वाक्य: 'पेपर काढण्याची मजुरी परवडत नसेल तर सरळ रोटाव्हेटर मारावा, पातळ पेपर उन्हाने मोडतो आणि मातीत मिसळतो.'

जेवून जा म्हणाले. जेवले. मेथी जपून चावली.

निघताना अंबूबाई बांधापर्यंत आल्या. "कुंदनला भेटा," हळूच म्हणाल्या. "आमचा पोरगा. सातपूरला भंगाराचं दुकान हाय त्याचं. बारा सालं बापलेक बोलत नाय. ह्या पेपरावरूनच."

२४ नोव्हेंबर, सोमवार

'ते वाक्य कुठून आलं आठवत नाही' असं इथे लिहायला बसले होते. आठवतं.

बुधवारची संध्याकाळ. पान लावून झालं होतं. ऐनवेळी शेजारची जाहिरात लहान निघाली आणि माझ्या सदराखाली भोक पडलं. "ताई, चार ओळी द्या, पान छपाईला सोडायचंय." आदल्या आठवड्यात मल्चिंग पेपर विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस फोनवर हसत म्हणाला होता, "उन्हात पापड होतो हो त्याचा." तेवढ्यावर लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील. कुणाला विचारलं नाही. रोटाव्हेटर मी घातला. 'मिसळतो' हा शब्द माझा.

शेवट छान उतरलाय, असं कुणीतरी म्हणालंही होतं.

चोवीस वर्षांत माझ्यामुळे एकदाही पान उशिरा सुटलं नाही. हे मी सगळ्यांना सांगत आले.

२ डिसेंबर, मंगळवार

कुंदनचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी छपरापर्यंत. तिशीतला माणूस, बापासारखाच उकिडवा बसतो. नाव सांगितलं तसा बघत राहिला.

"सदरवाल्या त्या तुम्हीच? मला वाटायचं कुणी म्हातारा असंल, टोपीवाला."

"म्हातारी आहे."

"टोपी नाही पण." हसला. स्टूल पुसून दिलं.

नळ्या घेतो, क्रेट घेतो, फवारणीचे डबे घेतो. मल्चिंग पेपर घेत नाही. कुणीच घेत नाही म्हणाला. "दोन किलो पेपर आणला तर त्यात किलोभर माती. ती धुवायची कुणी? धुवायचं पाणी सोडायचं कुठं? त्यापेक्षा नवा स्वस्त पडतो. आणि नवा दर साली पातळ करत चाललेत. पातळ तेवढा स्वस्त, स्वस्त तेवढा खपतो. शेतातून ओढायला गेलं का हातात नुसती चिंधी."

मग स्वतःहून सांगितलं. लेख आला तेव्हा तो दहावीत होता. बापाला त्यानेच वाचून दाखवला – रोज एकदा, पाठ होईपर्यंत. तीन वर्षांनी मातीत तुकडे दिसायला लागले. तेव्हा म्हणाला, रोटर नको, पेपर मी हाताने काढतो. तीन दिवस काढला. चौथ्या दिवशी जेवून परत आला तर उरलेल्यावर रोटर फिरलेला.

"भांडलो. आबा घरात गेले, भिंतीवरून कात्रण काढून आणलं न् माझ्या नाकासमोर धरलं. 'हे छापून आलंय. तू कोन?' पिशवी भरली. निघालो."

चहा आला. चहा पिताना त्याने विचारलं, "तुम्ही काढलाय का हो पेपर कधी? हाताने?"

नाही म्हणाले.

"एकदा काढून बघा." रागाने नाही. गुडघ्याला तेल लावून बघा म्हणावं, तसं.

३ डिसेंबर, बुधवार

पेन्सिलने ते वाक्य खोडलं. लेख त्याच्याशिवायही वाचायला छान वाटतो. कुणाला कळणारही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

पेन्सिलची रेघ पुसली.

७ डिसेंबर, रविवार

सहादूंना सांगितलं. बांधावर बसून सगळं – जाहिरात, चार ओळी, पापड, दोन मिनिटं. मी सवयीने क्रमवार सांगत गेले, बातमी सांगावी तशी. माझा आवाज मलाच नको झाला.

"मंग जागा भरायला लिवलं?"

"हो."

ते हातातलं ढेकूळ फोडत राहिले. त्यातून एक तुकडा निघाला, तो बाजूला ठेवला.

"म्हंजी पोरगं खरं बोलत व्हतं."

"मी काय सांगत व्हते?" मागून अंबूबाई. "पन मी कुठं छापून येते."

मी म्हटलं, पुस्तकातून ते वाक्य काढून टाकते. सहादू एकदम ताठ झाले.

"खोडायचं नाय. खोडलं तर कुंदन म्हनंल, आता लपवलं. ते राहू द्या, आन् त्याच्या खाली लिवा का हे खोटं निघालं. छापून येऊ द्या, ताई. मला तोंडानं नाय जमायचं. पुस्तक घेऊन जाईन, माझा फोटो दाखवीन, म्हनंन वाच. वाचंल तो. आवाज चांगला हाय त्याचा."

"आणि मग?"

"मंग काय. घरी चल म्हनंन."

८ डिसेंबर, सोमवार

टीप लिहिली. दीड पान. आठशे शब्द दीड तासात देणाऱ्या बाईला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. 'मी चुकले' हे पहिल्याच ओळीत घेतलं. शेवटी ठेवलं असतं तर छान उतरलं असतं, म्हणून.

कुंदनचं नाव घातलं. 'त्या शेतातला मुलगा, कुंदन, तेव्हाच सांगत होता आणि तो बरोबर होता.'

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचं प्रूफ. पान एकशे बारावर लेख, सहादूंचा फोटो, ते वाक्य. एकशे तेरावर टीप. राखी म्हणाली, "ताई, बाकी पुस्तक कसं हलकं आहे. इथे आलं की धाप लागते."

"लागू दे."

सही केली. पहिली प्रत माझ्या आधी सहादूंना पाठव म्हणाले. पत्ता लिहून दिला.

४ जानेवारी, रविवार

हाताने पेपर काढला. सहादूंच्या शेजाऱ्याचं टोमॅटोचं पीक नुकतंच निघालंय, तिथे. एक वाफा, अडीच तास. मधला भाग निघतो. कडा मातीत पुरलेल्या असतात, त्या ओढल्या की फाटतात आणि अर्ध्या आतच राहतात. नखं दुखतायत. अंबूबाई शेजारच्या वाफ्यावर होत्या. माझा अर्धा होईपर्यंत त्यांचा संपला. "लिवणं सोपं असंल नाय ह्याच्यापरीस?" म्हणाल्या. चिडवत होत्या. बहुतेक.

कडेला ढीग झाला. आता ह्याचं काय करायचं विचारलं तर शेजाऱ्याने खिशातून काडेपेटी काढली. दुसरं करणार काय? धूर काळा, घशाला चिकटणारा. गंगापूरच्या धरणाकडे गेला.

गावातल्या दुकानात नवा पेपर आलाय. हा खरोखरच मातीत विरघळतो, असं दुकानदार सांगतो. किंमत दुप्पट. सहादूंनी विचारलं, "ताई, विरघळतो का हा?"

मला माहीत नाही म्हणाले. हे इतकं सोपं होतं. तेव्हाही चार ओळींत बसलं असतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. छपाई लांबलीय. अंबूबाईंचा फोन. "म्हनलं सणाचा दिवस हाय, तिळगूळ घेऊन जावा पोराकडं. तर म्हनत्यात, पुस्तक नाय तर काय तोंड घेऊन जाऊ? बारा सालं थांबले ते थांबले, आता तुमच्या छापखान्यासाठी थांबलेत."

२८ जानेवारी, बुधवार

पुन्हा क्रेट परत आले. भाजीच्या कंपनीच्या यादीतून नाव गेलं.

सहादूंना वाईट वाटलेलं दिसलं नाही. "जाऊ द्या. कुंदन आला का दोघं मिळून माती चाळू. एक-एक वाफा घेऊ. त्याच्याकडं जाळ्या असतील भंगारात." चाळून किती वर्षं लागतील ह्याचा हिशेब मी मनात केला. सांगण्यासारखा आकडा नाही. पण दोन माणसं असली तर तो निम्मा होतो, हेही खरं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तकं आली. पान एकशे बारा – फोटो, लेख, ते वाक्य. एकशे तेरा – थेट पुढचा लेख, गांडूळखताचा.

राखी म्हणाली, "ताई, तुमच्या टिपेच्या दीड पानाने अख्खा फॉर्म वाढत होता हो. म्हणजे छपाईची आणखी सोळा पानं. तुम्हाला विचारणारच होते, पण मशीन थांबून होतं."

सहादूंना फोन लावला. अंबूबाईंनी उचलला.

"पुस्तक कालच आलं, ताई. सकाळच्या गाडीनं सातपूरला गेले बी. फोटोच्या पानात दोरा घालून नेलंय, सापडावं म्हनून. संक्रांतीचा तिळगूळ ठेवला व्हता, तो बी नेला. आत्ता वाचत असंल पोरगं."