आईचे चाळीस टक्के

पुन्हा दहा. काल संध्याकाळी टॉवरवरून उतरलो, मुकादमाच्या पेटीतून मोबाइल घेतला, घरच्या बॅटरीचं ॲप उघडलं, तर आकडा दहावर. सकाळी सातला मी चाळीस करून मोबाइल पेटीत टाकला होता. शेखरदादा, त्यानंतर दिवसभर फोन माझ्या हातात नसतो हे तुला मीच सांगितलेलं, आणि तू बरोबर सव्वासातला आकडा पाडतोस. बोलणं तर बंदच आहे, आता लिहूनच ठेवतो.

मी धनराज देवराम गावित, वय चोवीस, राहणार चुंचाळे, अंबडजवळ, नाशिक, सध्या मुक्काम कच्छ, हाय टेन्शन लाइनचा कँप. शिक्षण सहावी, तीही अर्धी. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, कुणी दम दिलेला नाही. उद्यापासून आमच्या गँगला खाडीवरचे उंच टॉवर आहेत. गेल्या सोमवारी शेजारच्या गँगमधला एक जण वरून पडला. तिसऱ्या दिवशी त्याचे भाऊ त्याची गाडी कुणाला यावरून मुकादमाशी फोनवर भांडत होते. आमच्याकडे तसं होऊ नये म्हणून हे माझं मृत्युपत्र. याआधी मी कुठलं केलेलं नाही.

१. घर आणि विजेचा मीटर आईच्या, म्हणजे चिमणाबाईच्या नावावर आहे. त्यावर माझा हक्क नाही. छतावरच्या सोलरच्या पाट्या आणि जिन्याखालची बॅटरी माझी. पावती माझ्या नावाची, हप्ता माझ्या पगारातून जातो, अजून चौदा बाकी आहेत. माझं काही झालं तर ठेकेदाराकडून विम्याचे जे येतील त्यातून आधी हप्ते फेडावेत.

२. बॅटरीचं कसं असतं तेही लिहितो, उद्या कुणी म्हणायला नको की माहीत नव्हतं. दिवसा उन्हावर ती दहा युनिट भरते. संध्याकाळी सहा ते दहा विजेला मागणी असते, तेव्हा वीज कंपनी आपल्या बॅटरीतून वीज घेते आणि युनिटला अकरा रुपये देते. घरासाठी किती राखायची ते ॲपमध्ये आपण ठरवायचं. चाळीस टक्के राखले की चार युनिट राहतात. लाइट गेली तर आईचं ऑक्सिजनचं मशीन रात्रभर चालायला तेवढे लागतातच. पॉलिशच्या शेडमध्ये अठरा वर्षं तोंडाला पदर बांधून तिनं लोकांच्या बाथरूमचे नळ चकाकवले. ती धूळ अजून छातीत आहे.

३. बावीस एप्रिलला पहाटे चारला लाइट गेली. बॅटरीत एकच युनिट. त्यावर मशीन, फ्रिज, दोन पंखे. साडेपाचला मशीन ओरडायला लागलं. आशावहिनीनं आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मला कळलं संध्याकाळी, टॉवरवरून उतरल्यावर. मी फोन केला तर दादा म्हणाला, "तू लांब बसून आकडे फिरवतोस, घर मी चालवतो. रोजचे तीन युनिट, अकरानं तेहतीस, महिन्याला नऊशे नव्वद. तू देतोस का?"

मी म्हणालो, "आईचा श्वास विकून घर चालवतोस?"

त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं नाही. तो दहा करतो, मी चाळीस करतो. पासवर्ड बदलायला गेलो तर ओटीपी घरच्या नंबरवर जातो, आणि तो फोन त्याच्या खिशात.

४. म्हणून शेखर देवराम गावित याला माझ्या वस्तूंतलं काही मिळू नये. पाट्या, बॅटरी आणि मोटारसायकल आशावहिनीला. बाबा गेले तेव्हा एकाला कामाला लागायचं होतं. दादा दहावीत, मी सहावीत. लागलो मी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. म्हणणं आहे.

५. माझे पाने आणि पक्कड माझ्या गँगमधल्या बुधाला. आमच्यातले जाणते यादवभाऊ म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको. बुधा म्हणाला, "मग सही राहू दे, पानेच दे."

६. इथवर लिहिलं आणि वहिनीचा फोन आला. बॅटरी तिच्या नावावर केल्याचं मी तिला सांगितलं. मग म्हणाली, "भाऊजी, आकडा आई पाडायला लावतात. ह्यांनी नाय म्हटलं तर दोन दिवस जेवल्या नाहीत. ते पैसे घरात येत नाय, आईंच्या डब्यात जातात. चौदा हप्ते फिटले का धन्या खाली उतरंल, असं धरून बसल्यात. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून ह्यांना शपथ घातली."

आईला फोनवर घेतलं. म्हणालो, "खरं का?"

"मला काय व्हतंय. खिडकी उघडी ठेवली का झालं. तू कशाला चढतो मग एवढ्या उंच?"

"काम आहे माझं."

"मंग माझं बी काम हाय हे."

७. यादवभाऊ म्हणतात खाडाखोड केली तर उद्या कुणीही हरकत घेईल. म्हणून कलम चार खोडत नाही. दादा, ते तुला वाचावंच लागेल, पण त्याच्याऐवजी हे लागू समज: बॅटरी वहिनीचीच, मात्र चाळीसच्या वर जे विकलं जाईल ते पैसे तुझे. मोटारसायकलही तुझी. शाळेबद्दलचं म्हणणं कायम आहे. घरचा फोन आजच वहिनीच्या हातात दे. आईनं कितीही उपास धरले तरी आकडा चाळीसच्या खाली जाता कामा नये. डब्यातले पैसे तिच्या औषधाला लावा, माझ्या हप्त्याला नाही. खाली कधी उतरायचं ते मी ठरवीन.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं, मोठ्यानं वाचलं, आणि खालच्या दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही: धनराज देवराम गावित

साक्षीदार:
यादव लक्ष्मण चौधरी, पेठ
सावळीराम काशिनाथ भोये, सुरगाणा

ठिकाण: लाइन कँप, कच्छ
तारीख: १७ मे २०२६

ता. क. कागदाचा फोटो वहिनीला पाठवला आहे. दादा, तू विचारलं होतंस, देतोस का. आईला सांग, तिचे तीन युनिट मी विकत घेतले, आता ते दुसऱ्या कुणाला विकायचे नाहीत. या महिन्याचे पाठवतोय: रुपये ९९०, अक्षरी नऊशे नव्वद फक्त.