कागदी कपातली जायफळाची कॉफी

मुलुंड पूर्व,
१३ जानेवारी २०२५

ती. शुभाताईस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून आपलं हे टपाल, नाहीतर आजकाल कोण पत्र लिहितं गं! तुझ्या परसातली जायफळं पोचली. पाच तारखेला सिद्धेशचे सासूसासरे, नंदाताई आणि अंबादासराव, लग्नानंतर पहिल्यांदाच मानखुर्दहून आले. म्हटलं, चहा रोजचाच, आज आपल्या आईची कॉफी करू. पूड पाण्यात उकळून झाकून ठेवली, खाली बसू दिली. जायफळ सहाणेवर उगाळलं, गाळून दाट दूध घातलं. झकास झाली! ह्यांनी दोनदा मागून घेतली.

पाहुण्यांना कागदी कप दिले, धुण्याची कटकट नको म्हणून. आम्ही घरच्यांनी निळ्या कपबशा घेतल्या. सपनाने मात्र आपली कपबशी बाजूला सारून कागदी कप उचलला. सूनबाईंचे नखरे! नंदाताईंनी कृती विचारून घेतली, पण कॉफी अर्धी ठेवली. साखर कमी पडली असेल. सपना त्यांच्याबरोबर दोन दिवसांसाठी माहेरी गेली, आज आठ दिवस झाले. सिद्धेश घुम्यासारखा बसतो.

गुडघा सांभाळ, आणि धाकटीची आठवण ठेव.
तुझी, वना

कुडाळ,
२१ जानेवारी

चि. वनास,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. कॉफी झकास झाली म्हणतेस, असेल. पण त्या निळ्या कपबशा तुझ्या घरभरणीला मीच सावंतवाडीहून आणल्या होत्या. डझनभर होत्या. तुम्ही चौघं आणि ते दोघं, मग कागदी कप कशाला लागले गं? मी येते तेव्हा मला कधी कागदात दिलं नाहीस. माझ्या पानाने रंगलेल्या ओठांची लाल खूण कपाला लागते, तरीही नाही.

आपल्या पडवीत एक वेगळी कपबशी असायची, बौद्धवाडीतून कोणी आलं तर. मी एकदा तिच्यातून चहा प्याले म्हणून आईनं मला बडवलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस. तुका कोणी शिकवूक नाय, तरी शिकलंस? खरा काय ता लिही.

रागावलेय, तरी मायाच आहे.
शुभाताई

मुलुंड पूर्व,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोटं लिहिलं मी. कप त्यांच्यासाठीच आणले होते, त्या दिवशी सकाळी, मुद्दाम स्टेशनजवळून. कपाट उघडलं, कपबशीवर हात गेला आणि मागे आला. का, ते तेव्हाच कळलं होतं मला. लग्नाला मी नाही म्हटलं नव्हतं, हॉलवर नाचलेसुद्धा, त्यामुळे स्वतःला फार मोठ्या मनाची समजत होते. लाज वाटते गं. हे म्हणतात, एवढं काय त्यात! त्यांनीही ते कप पाहिले होते, आणि गप्प कॉफी प्यायले.

काल सिद्धेश बोलला. सपना या घरात परत पाऊल ठेवणार नाही म्हणतेय, आणि तो भाड्याची खोली बघतोय. माझी पार वाट लागली. त्यांना परत बोलावून चांगल्या कपांत कॉफी देऊ का? काय करू सांग.

अजून बहीण म्हणत असशील तर,
तुझी वना

कुडाळ,
१० फेब्रुवारी

चि. वनास,
अ. आ.

बोलावू नकोस. तू जा. मिठाईबिठाई नेऊ नकोस. देतील ते खा, पी. आणि तिथे रडू नकोस, नाहीतर तुझी समजूत काढायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडेल.

उत्तराची वाट बघते.
शुभाताई

मुलुंड पूर्व,
२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मानखुर्दला जाऊन आले, एकटीच. दारातच सांगून टाकलं की कप मी मुद्दाम आणले होते. नंदाताई आत या म्हणाल्या. अंबादासराव खिडकीशी बसले होते, ते बाहेरच बघत राहिले. सपना आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

नंदाताईंनी सांगितलं, त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांच्या वडिलांचा ग्लास बाहेर कोनाड्यात असायचा. आपला आपण विसळून घ्यायचा आणि पिऊन झाल्यावर परत विसळून ठेवायचा. त्या दिवशी आमच्याकडे लेकीसाठी म्हणून त्यांनी अर्धी तरी कॉफी गिळली. मला मान वर करता येईना.

मग त्यांनी मी सांगितलेल्या कृतीने कॉफी केली. पण पूड पाण्याऐवजी दुधातच उकळल्यामुळे कडवट झाली होती. मी सगळी प्याले. उठून तिघांचे कप गोळा केले आणि मोरीशी गेले. ताई, पाहुणी कप उचलायला लागली की कोणीही म्हणतं ना, अहो राहू द्या! नंदाताई तसं म्हणाल्या नाहीत. बाजूला झाल्या आणि साबण पुढे केला. मी कप घासत होते आणि कान मागेच लागले होते, आता तरी म्हणतील म्हणून. मी माफी मागायला गेले होते, तिथेही मला पाहुणीचा मान हवा होता गं. याची लाज कागदी कपांपेक्षा जास्त वाटतेय.

निघताना सपनाचं विचारलं. तिचं ती ठरवेल, म्हणाल्या.

माया कमी झाली असेल तर तसं लिही, पण लिहायचं थांबू नकोस.
तुझी, वना