उरलपाशी संपणारा युरोप

श्रावण व. ४
सदू आला होता. माझा चौथीतला विद्यार्थी. विलायतेत भूगोल शिकून आला, आता क्रमिक पुस्तकांच्या समितीचा चिटणीस. पाया पडला. चहा घेता घेता हळूच म्हणाला, नव्या भूगोलातून मी रचलेल्या खंडांच्या कविता काढायचं घाटतंय.
"का रे?"
"मास्तर, सीमा म्हणजे रेघ नव्हे. पट्टा असतो. एक प्रदेश विरत जातो, दुसरा दाटत येतो."
सक्तीचं शिक्षण आलं तेव्हापासून संस्थानभर मुलं म्हणताहेत:
उरल उभा पूर्वेला, कास्पियन त्याच्या पायी;
युरोप येथे सरला, आशिया पुढती राही.
"सरला"वर छडी नकाशावर पडायची आणि अख्खा वर्ग एका सुरात पुढे आशियात शिरायचा. तो सूर! उरल मी जन्मात पाहिला नाही, पण त्या सुरात दिसायचा.
सदूने एक वाट ठेवलीय. नवी व्याख्या कवितेत बसवा, सर्वपित्रीच्या आत द्या, समितीपुढे ठेवतो.

श्रावण व. ८
बसत नाही. सदूचं टाचण असं: प्रदेश ठरवायचा पावसाने, उष्णतेने, पिकाने, बोलीने, राज्याने. आणि प्रत्येकाची कड निराळी! आपलंच संस्थान घ्या. नवसारी इकडे, अमरेली तिकडे, ओखा समुद्राच्या टोकाला, मधे परका मुलूख. राज्य एक, प्रदेश मात्र...
"बहुधा", "साधारणतः", "काही अंशी". ह्या शब्दांना चाल कुठून लावू?

भाद्रपद शु. २
बोलीची कड पाहावी म्हणून दांडिया बाजारातून वाडीकडे चालत निघालो. म्हटलं, मराठी नेमकी कुठे संपते? देवळापाशी मराठी. पुढे तांबटाच्या दुकानात बाप मराठीत ओरडतो, लेक गुजरातीत उत्तर देतो. त्याही पुढे भाजीवाली: "काका, भींडा ताजा छे, लई जाओ ने." मी भाव केला तो गुजरातीत. कड मागे कुठे गेली कळलंच नाही. बहुतेक मीच ती ओलांडली, भेंडी निवडता निवडता.
घरी सौ.: "सीमा शोधायला गेला होतात ना? मग ही भेंडी कशाला? काल बाईने आणलीय ने टोपलीभर!"
"ना" नव्हे, "ने" म्हणाली, भाजीवालीसारखं. आमच्या माजघरात! म्हणजे कड घरातच आहे.
पण संध्याकाळी ओळी आल्या. कित्येक वर्षांनी आल्या.

भाद्रपद व. १०
कुठे न कळता सरतो, कोठे न कळता लागे;
मुलूख मागे उरतो, ...
पुढचा अर्धा चरण नाही. धागे, जागे, रागे, सगळे लावून पाहिले. खोटे वाटतात. दम लागतो हल्ली, बैठक होत नाही. तशीच अपुरी नेऊन दिली. सदूने दोनदा वाचली.
"सुंदर आहे, मास्तर."
विद्यार्थ्याची पाटी परत देताना मीही असंच म्हणत असे.

आश्विन शु. ८
निरोप नाही. शेजारच्या मुली भोंडल्याची गाणी म्हणतात, एकीलाही थांबावं लागत नाही. पाठ असणं म्हणजे काय, हे समितीला कोण सांगणार?

आश्विन व. २
आज मीच गेलो. सदूच्या मेजावर नव्या पुस्तकाचे छापील कागद. चाळले. पट्टा, विरणं, दाटणं, सगळं लिहिलंय. आणि नकाशात उरलवर तांबडी रेघ. तिथेच, होती तशी.
"सदू, ही रेघ रे?"
"सोयीसाठी, मास्तर. परीक्षेत विचारायला काहीतरी लागतं."
"मग कविता?"
"पाठांतर नको म्हणतात सगळे." मान खाली. "जुनी नाही, नवीही नाही. मी बोललो, खरंच बोललो. पुढच्या वर्षी पुन्हा काढतो विषय."
म्हणजे रेघ राहिली. रेघेचं गाणं गेलं.
जिना उतरताना मधे बसावं लागलं. एक कारकून म्हणाला, "दादा, पाणी आपू?"
घरी सौ. दारातच: "काय म्हणाला?"
"पुढच्या वर्षी बघतो म्हणाला."
"कुठलं पुढचं वर्ष? आपलं चैत्रातल्या पाडव्याचं, की गुजरात्यांचं दिवाळीनंतरचं?"
खरंच, विचारलं नाही. दिवाळी आलीच आता. पाडवा फार लांब, आणि डॉक्टर माझ्या छातीला नळी लावून जरा जास्तच वेळ ऐकतो हल्ली.
सौ. म्हणते, उद्या जाऊन विचारून या, त्यात काय?
विचारलं तर तो सांगेल.