टीएमटीची तयारी

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळ
सोमवारी सकाळी टीएमटी. छातीला तारा लावून पट्ट्यावर चालवतात, पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात, आणि हृदयाचं म्हणणं कागदावर छापून येतं. थोडक्यात, परीक्षा. डॉक्टर म्हणाले, तब तक आराम कीजिए, सीढ़ी भी कम. परीक्षा तोंडावर आणि अभ्यास करू नका, हे कुठलं शास्त्र? आपण इंजिनियर. लोड टेस्टच्या आधी मशीन चालवून बघतोच. शनिवार-रविवार एन्ड्युरन्स ट्रेनिंग.

जिना चढताना छाती जड होते ती गॅसमुळे. माझे वडील, आप्पा, साधारण माझ्याच वयात गेले, पण ते तंबाखू खायचे.

चारुताला सांगितलंय, ऑफिसचं रूटीन चेकअप आहे. बायकोला उगाच टेन्शन कशाला.

प्रांजलीचा पुण्याहून फोन. म्हणाली, बाबा, रोज एक छोटीशी चांगली गोष्ट लिहा, ग्रॅटिट्यूड, उससे स्ट्रेस कम होता है. पुण्यात राहूनही पोरीचं इकडचं हिंदी सुटत नाही, पण ठीक. लिहितो: जेवायला वांग्याचं भरीत होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळ
गावातल्या किल्ल्याचा चढ. न थांबता वरपर्यंत जायचं ठरवलं होतं. मध्येच थांबलो. भरीत बाधलं. फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावून उभा राहिलो, पण बोलायला दम नव्हता, म्हणून नुसतं ऐकत राहिलो. चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, दद्दा, तनक बैठ लो, पसीना आ रओ. थंडीत घाम येतो म्हणजे व्यायाम लागू पडतोय, हे तिला कोण सांगणार.
बसलो. बराच वेळ उठावंसं वाटेना.
ग्रॅटिट्यूड: दगड सावलीत होता.

दुपार
माणिक चौकातून नवे बूट आणले. चूक जुन्या बुटांची होती.

संध्याकाळ
बिल्डिंगच्या जिन्याने प्रॅक्टिस. दुसऱ्या खेपेला चारुताने दार उघडलं, विचारलं, काय चाललंय? म्हटलं, टाकीचा वॉल्व्ह बघतोय. ती म्हणाली, टाकी तर खाली आहे. मी कठडा धरून उभा होतो. ती आत गेली नाही, दारात उभी राहिली. मी तिच्यासमोर उरलेल्या पायऱ्या हसत हसत चढलो. हसणं जरा महागात पडलं.
ग्रॅटिट्यूड राहिला. उद्या दोन लिहीन.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळ
फायनल प्रॅक्टिस. चारुता म्हणाली, मीपण येते. नको म्हणायला कारण सुचलं नाही. ती चपला घालून, मी नव्या बुटांत. चढभर ती बोलत होती. भावाची सून, गच्चीचं गळणं, दिवाळीत न आलेली माणसं. मी काहीच बोललो नाही. बोलता येत नव्हतं. वर पोचल्यावर म्हणाली, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा माझं सगळं ऐकून घेतलंत. छान वाटलं.
मलाही वाटलं असतं. तेव्हा डावा हात बधिर झाला होता. पिशवीमुळे. घरी येऊन आठवलं, पिशवी चारुताकडे होती.

संध्याकाळ
तिने विचारलं, अहो, उद्या नक्की काय आहे? म्हटलं, रूटीन. ती म्हणाली, मग मी येते. म्हटलं, तिथे गर्दी असते. ती म्हणाली, असू दे.
तयारी पूर्ण आहे. पास होणार. आता पडून राहतो. कुशीवर नको, उताणं बरं वाटतं.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपार, हॉस्पिटलमधून
पट्ट्यावर चढूच दिलं नाही. आधी नुसता पडल्या पडल्या ईसीजी काढतात. टेक्निशियनने कागद बघितला, तारा तशाच ठेवून डॉक्टरांना बोलावलं. मी म्हटलं, सर, एक बार चला के तो देखिए, मैं प्रैक्टिस में हूँ. ते म्हणाले, कैसी प्रैक्टिस? सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. शेजारच्या मशीनवर माझ्याहून थोरल्या एक बाई चालत होत्या, चालता चालता सुनेशी गप्पा मारत.

तकलीफ कब से है, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर चारुताने दिलं. दशहरे से, डॉक्टर साहब. सीढ़ी पर रुककर चप्पल का फीता बाँधते हैं. चप्पल में फीता होता ही नहीं.
म्हणजे तिला माहीत होतं. मी कधी सांगतो, याची वाट बघत होती.

व्हीलचेअर आणली. म्हटलं, चालत जातो. नर्स म्हणाली, बैठिए. बसलो.

उद्या अँजिओग्राफी. बहुतेक स्टेंट. प्रांजली रात्रीच्या गाडीने निघतेय. भीती वाटतेय. मघाशी हे चारुताला सांगितलं. ती म्हणाली, मलाही.

आता खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागलाय. माझा उजवा हात तिच्या हातात आहे. सोडवून घेता आला असता, घेतला नाही. म्हणून हे डाव्या हाताने, वाकडंतिकडं.